परदेशी डबा पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे : अडते कुठे?

प्रश्न जुळे सोलापुरातून आला आहे. विचारणाऱ्या ताईंनी दक्षिण कोरियात बनलेले, अन्न गरम ठेवणारे स्टीलचे जेवणाचे डबे मुंबईच्या एका आयातदाराकडून घेऊन ऑनलाइन विक्रीला ठेवले आहेत. पान पाहणारे बरेच आहेत, डबा कार्टमध्ये टाकणारेही आहेत. पण पैसे भरायची वेळ आली की बहुतेक जण माघारी फिरतात. ताई विचारतात, ‘परदेशी वस्तू ऑनलाइन घेताना ग्राहक नेमके कशावरून ठरवतो? किंमत, देश, ब्रँड की रिव्ह्यू? आणि मी आधी काय दुरुस्त करू?’

ताई, मी सोलापूरच्या नवी पेठेत २२ वर्षे परदेशी भांडी आणि स्वयंपाकघरातली छोटी उपकरणे विकत आलो आहे, आणि गेली काही वर्षे त्यातला मोठा भाग ऑनलाइन विकतो. त्या अनुभवावर सांगतो. तुम्ही दिलेल्या चारही गोष्टींचा परिणाम होतो, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच शंका असते : उद्या काही बिनसले तर धरायचे कोणाला? परदेशी मालाची ओढ ग्राहकाला तुमच्या पानापर्यंत घेऊन येते; कार्टमधून परत जातो तो या शंकेचे उत्तर न मिळाल्यामुळे. दुकानात हे उत्तर माझ्या तोंडाकडे पाहून मिळत असे. शहराच्या पूर्वभागातल्या एक वृद्ध बाई नेहमी येत. त्या परदेशी कुकर हातात घेत, उलटा करून पाहत, आणि एकच प्रश्न विचारत, ‘ह्याची रिंग मिळंल का?’ कुकर कोणत्या देशाचा आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. रबरी रिंग दोन वर्षांत ताठरते, ती मिळाली नाही तर तीन हजारांचा कुकर माळ्यावर जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ऑनलाइन ग्राहक शिकलेला असेल, तरुण असेल, पण त्याचा प्रश्न हाच असतो. फरक इतकाच की तो विचारत नाही, निघून जातो.

आता किंमतीचे पाहू, कारण तुमचा पहिला संशय तिच्यावर असणार. परदेशी वस्तूची किंमत ग्राहक दोन ठिकाणांशी ताडून पाहतो. एक म्हणजे तशीच दिसणारी देशी वस्तू. दुसरे ठिकाण विक्रेते लक्षात घेत नाहीत, ते म्हणजे त्याच वस्तूची परदेशातली किंमत. आपल्या गावातल्या किती घरांतली मुले पुण्या-हैदराबादमार्गे अमेरिकेत किंवा दुबईत पोहोचली आहेत ते पाहा. डब्याचे चित्र पाहिले की आई मुलाला व्हॉट्सॲपवर विचारते, मुलगा तिथली किंमत सांगतो आणि वर म्हणतो, ‘डिसेंबरात येतोच आहे, घेऊन येतो.’ तुमची खरी स्पर्धा शेजारच्या पानावरच्या विक्रेत्याशी नसून त्या मुलाच्या बॅगेतल्या रिकाम्या जागेशी आहे. त्याला हरवायला किंमत कमी करणे हा मार्ग नाही, कारण ती लढाई तुम्ही जिंकणार नाही. बॅगेतून आलेल्या वस्तूला भारतात वॉरंटी बहुतेक वेळा चालत नाही, बदलून मिळत नाही, रिंग मिळत नाही. तुमच्या जास्तीच्या पैशांत हे सगळे आहे, हे पानावर स्वच्छ शब्दांत लिहिलेले हवे.

बरेच ग्राहक थेट परदेशी संकेतस्थळावरून मागवून पाहतात आणि तिथे पोळतात. पुढच्या वेळी त्याचा फायदा आपल्यासारख्यांना होतो. हिशेब असा असतो. समजा, वस्तू ४,००० रुपयांची आहे आणि पाठवणावळ १,००० रुपये. सीमाशुल्क ४,००० वर लागत नाही, ते वाहतूक आणि विमा धरून निघालेल्या मूल्यावर लागते, म्हणजे इथे ५,००० वर. समजण्यापुरते शुल्क २० टक्के धरले तर ते १,००० रुपये झाले. त्यानंतर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, लागतो तो या ६,००० वर; तो १८ टक्के धरला तर १,०८० रुपये. चार हजारांची वस्तू दारात ७,०८० ला पडते, आणि कुरिअर कंपनीचा सोडवणुकीचा आकार त्यावर वेगळा. दर वस्तूनुसार आणि अर्थसंकल्पानुसार बदलतात, मी धरलेले आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. ‘गिफ्ट म्हणून पाठवा, कर लागत नाही’ हा सल्ला अजून फिरतो, पण पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणण्याची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवनरक्षक औषधे वगळता बंद झाली. शिवाय कुरिअरवाला ओळखपत्र मागतो, आणि कार्डवर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावा लागतो, कारण २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद ठेवूनच दिली जातात. एवढ्या पायऱ्या चढून वस्तू लहान निघाली तर परत पाठवण्याचा खर्च कधीकधी वस्तूपेक्षा जास्त होतो.

म्हणून ग्राहकाला सर्वांत जास्त खुपते ती रक्कम मोठी असणे हे नव्हे. रक्कम शेवटच्या पायरीवर वाढणे खुपते. तुमच्या पानावर किंमत एक आणि पैसे भरताना ‘हाताळणी शुल्क’ म्हणून ७९ रुपये वेगळे, असे काही आहे का ते आजच पाहा. ७९ रुपये जड नसतात, पण ‘अजून काय काय निघेल?’ हा विचार जड असतो, आणि परदेशी मालाच्या बाबतीत तो लगेच सीमाशुल्कापर्यंत जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत किंमत अशी थेंबाथेंबाने उघड करणेही आहे आणि ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाईही आहे. ‘सर्व कर व आयात शुल्क धरून, दारात हीच किंमत’ हे एक वाक्य किमतीच्या अगदी खाली टाका.

देशाच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत आणि सोलापूरकराला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. ब्रिटनमध्ये १८८७ साली मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट झाला. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नावाने खपवल्या जातात, अशी शेफील्डच्या कारखानदारांची तक्रार होती. बाहेरच्या मालावर त्याचा देश लिहायला लावला की लोक तो टाळतील, असा त्यामागचा हिशेब. झाले उलटे. माल चांगला निघत गेला आणि ‘मेड इन जर्मनी’ हीच पुढे शिफारस झाली. सोलिंगेन या नावाला तर १९३८ पासून जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या सोलापुरी चादरीलाही भौगोलिक मानांकन आहे, तरी भलत्या गावची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते ही आपली तक्रार काही नवी नाही. एखाद्या ठिकाणाचे नाव कष्टाने कमावलेले असते आणि ते चोरलेही जाते, हे ग्राहकाला कळते. म्हणूनच तो देशाच्या नावाकडे ओढलाही जातो आणि त्याच नावाबद्दल साशंकही असतो.

माझा अनुभव असा की वस्तूबद्दल दुसरे काही कळत नाही तोपर्यंतच देशाचे वजन राहते. वापरलेल्या माणसाने काढलेली चार छायाचित्रे, पत्र्याची जात, झाकणाची रचना हे समोर आले की देश मागे पडतो. ‘चायनाचं नाही ना?’ हा प्रश्न दुकानात मोठ्याने विचारला जाई, आणि विचारणाऱ्याच्या खिशातला फोन बहुधा तिकडचाच असे. जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यानंतर काही महिने लोक खरोखर निवडून वस्तू घेत होते. आजही खेळणी, प्लॅस्टिक, चार्जर यांच्याबाबतीत ‘चायना’ म्हणजे ‘टिकणार नाही’ असाच अर्थ घेतला जातो. जर्मन ब्रँडचे भांडे चीनमध्ये बनलेले असेल तर? विक्रीआधी सांगितले तर दहातले बरेच जण घेतात. घरी गेल्यावर तळाशी वाचले तर तेच लोक स्वतःला फसवलेले समजतात आणि एक तारा देतात. वस्तू तीच, किंमत तीच. त्यामुळे ब्रँडचा देश आणि बनावटीचा देश वेगळे असतील तर ते पहिल्या दोन ओळींत लिहावे, तळाच्या बारीक अक्षरांत नव्हे.

प्रतिष्ठेचा भाग नाकारून चालणार नाही. विपणनाचे अभ्यासक राजीव बत्रा आणि सहकाऱ्यांचा भारतातल्या ग्राहकांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बाहेरचा वाटणारा ब्रँड केवळ दर्जासाठी नव्हे तर मानासाठीही आवडतो, आणि चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंत हे जास्त घडते, असे त्यात दिसले. हे मी रोज पाहतो. परदेशी पोछा कोणी कौतुकाने घेत नाही. डबा मात्र ऑफिसात दहा जणांसमोर उघडतो. तुमची वस्तू या दृष्टीने चांगल्या जागी आहे, पण मानासाठी घेणाऱ्याला खोटेपणाची भीती दुप्पट असते. नकली डबा दहा जणांसमोर उघडणे म्हणजे काय, याचा विचार करा.

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि बहुतेक विक्रेते त्याला कटकट समजून मोकळे होतात. पॅकबंद मालाबाबतच्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असावा लागतो. जानेवारी २०१८ पासून ही माहिती ऑनलाइन पानावरही दाखवावी लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्यावर आयातदाराचा तपशील आणि माल अस्सल असल्याची हमी देण्याची जबाबदारी टाकली आहे. सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तुमच्या पानावर मी पाहिले, आयातदाराच्या रकान्यात ‘पॅकवर पाहा’ असे लिहिले आहे. ताई, ग्राहकाला पॅक दिसत असता तर त्याला तुमचे पान कशाला लागले असते? डब्यावर चिकटवलेल्या स्टिकरचे जवळून काढलेले छायाचित्र तिसऱ्या क्रमांकावर लावा, अक्षरे वाचता येतील असे. मी ते एका तव्यासाठी केले तेव्हा ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न येणे जवळजवळ थांबले, आणि तवा तोच होता. ग्राहकांना राष्ट्रीय हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आता माहीत असतो. तुम्ही स्वतःच तो दिलात तर कोणी त्यावर फोन करायला धावत नाही, उलट विश्वास बसतो.

मानकचिन्हांचेही असेच. खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि जाणत्या आया ते शोधतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. अन्न गरम ठेवणाऱ्या बाटल्या आणि डब्यांसाठीही २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला होता. तुमचा डबा त्यात कुठे बसतो आणि आयातदाराने त्याचे काय केले आहे, हे पुढची खेप घेण्याआधी त्याच्याकडून कागदासह समजून घ्या. हा विषय विक्रीचा कमी आणि तुमच्या सुरक्षिततेचा जास्त आहे.

रिव्ह्यूबद्दल थोडक्यात. ग्राहक पाच तारे पाहून येतो आणि एक ते तीन तारे वाचून ठरवतो. सगळेच पाच तारे असतील तर त्याला वास येतो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये बीआयएसने मानक आणले, पण वाचणाऱ्याचे नाक त्याहून तिखट असते. तीन ताऱ्यांच्या तक्रारीखाली तुमच्या नावाने दिलेले शांत, नेमके उत्तर हे पाच ताऱ्यांच्या दहा स्तुतींपेक्षा जास्त विकते, कारण ‘धरायचे कोणाला’ याचे उत्तर तिथे प्रत्यक्ष दिसते. मला एकदा एका ऑनलाइन विक्रीमंचाच्या प्रतिनिधीने वाईट अभिप्राय ‘खाली ढकलण्याची’ सोय सुचवली होती. मी ती घेतली नाही, त्यात तत्त्वाचा भाग होता आणि थोडा भीतीचाही.

माप आणि उपयुक्तता ही बाब मात्र परदेशी मालात सगळ्यांत दुर्लक्षित आहे, आणि माझा स्वतःचा सगळ्यांत मोठा तोटा इथेच झाला. काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या शाळेच्या पाणीबाटल्या मागवल्या. पुरवठादाराच्या कागदावर ‘१२ औंस’ होते, मी पानावर तेच ठेवले. औंस किती, हे कोणाला माहीत? आकडा १२ आहे म्हणजे बाटली भरपूर मोठी असणार, असे लोकांनी धरले. प्रत्यक्षात ती ३५५ मिलिलिटरची, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीहूनही लहान. सोलापूरच्या एप्रिलात शाळेला जाणाऱ्या मुलाला ती दुसऱ्या तासापर्यंतही पुरत नाही. माल धडाधड परत आला, दोन्हीकडचे कुरिअर माझ्या अंगावर पडले. मग मी बाटली घरातल्या पितळी तांब्याशेजारी आणि एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून छायाचित्र काढले, खाली ‘३५५ मिली, लहान मुलांसाठी’ असे लिहिले. मागणी थोडी घटली, पण परत येणे जवळपास बंद झाले आणि मूळ गुंतवणूक सुटली.

असे धोके प्रत्येक प्रकारात आहेत. अमेरिकेसाठी बनलेले उपकरण १२० व्होल्टचे असते, आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता प्लग बदलणारा अडॅप्टर लावला की मोटर जळते. अमेरिकी बुटाचा ९ आणि इथला ९ एक नव्हे. माझ्या भाचीने मागवलेल्या कोरियन सनस्क्रीनवर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी होती आणि पुढे कोरियन अक्षरांत एक शब्द. ती तारीख बनवल्याची की संपण्याची, यावर घरात अर्धा तास चर्चा झाली आणि ट्यूब तशीच कपाटात राहिली. ज्या वस्तूचे लेबल वाचता येत नाही ती वस्तू पैसे दिल्यावरही पुरती आपली होत नाही. सौंदर्यप्रसाधने आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी तारीख मराठी महिन्याच्या नावासह लिहावी. रमझानमध्ये खजूर ऑनलाइन मागवणारा ग्राहक खजुराच्या जातीआधी पॅकिंगची तारीखच शोधतो.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच सांगतो की ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ पहिल्या खरेदीपुरती तरी ठेवा. परत येणाऱ्या मालाचा त्रास होतो हे मान्य, पण नव्या विक्रेत्याकडून परदेशी वस्तू घेणाऱ्याला पार्सल हातात आल्यावर पैसे देण्याचे स्वातंत्र्य म्हणजेच तुमच्यावरची पकड वाटते. दुसऱ्या खेपेला तोच माणूस यूपीआयने आधी पैसे भरतो.

आता तुमच्या डब्याकडे येतो. तुम्ही ‘आधी काय दुरुस्त करू’ असे विचारले आहे, तर मी सुट्या रिंगांपासून सुरुवात करीन. आयातदाराकडून प्रत्येक दहा डब्यांमागे दोन-तीन झाकणाच्या रिंगा वेगळ्या मागून घ्या, त्यांची किंमत ठरवा आणि डब्याच्याच पानावर ‘सुटी रिंग मिळते, सोलापुरातून पाठवतो’ असे लिहा. त्या रिंगा फारशा विकल्या जाणार नाहीत, पण त्यांच्यामुळे डबे विकले जातील. त्यानंतर किंमतीखालचे वाक्य, स्टिकरचे छायाचित्र आणि तुमचे स्वतःचे नाव व फोनची वेळ. सवलतीला यातले काहीही पूर्ण होण्याआधी हात लावू नका.

आणि एक छायाचित्र बदला. सध्याच्या चित्रात डब्यात चिकट भात, अंड्याची वळी आणि फुलासारखे कापलेले गाजर आहे. सुंदर आहे, पण तो डबा भातासाठी बनलेला आहे हे त्यातून लगेच दिसते, आणि आपल्याकडे पाहणारी बाई मनात एकच मोजते : यात भाकरी बसेल का? मी तुमच्याकडून घेतलेला डबा घरी भरून पाहिला. पोळी चार घड्या घालून बसते, ज्वारीची मऊ भाकरी दोन तुकडे करून बसते, शेंगा चटणी वरच्या लहान कप्प्यात छान राहते आणि आमटी सांडत नाही. कडक भाकरी मात्र मोडल्याशिवाय बसत नाही. तिसरे स्टिकरचे चित्र सोडून सुरुवातीची चित्रे याचीच काढा, आणि कडक भाकरीचेही लिहून टाका.